सोनखत, नायट्रेट आणि न्यूस नदी

फराळाचे ताट समोर असताना गटाराच्या गोष्टी काढू नयेत, अशी आपल्याकडची रीत आहे. तरीही यंदाच्या स्मरणिकेसाठी मी नेमका तोच विषय निवडला आहे, त्याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावे. माझी सगळी नोकरी सांडपाण्याच्या शुद्धीकरणात गेली. लग्नकार्यात कोणी "आपण काय करता?" असे विचारले, की माझ्या उत्तरानंतर समोरचा माणूस हळूच हवापाण्याकडे वळतो. पण या विषयाला एक इतिहास आहे, तो रंजक आहे, आणि मॉरिसव्हिलमध्ये राहणाऱ्या आपल्या प्रत्येक घराचा त्याच्याशी रोजचा संबंध आहे.

इथल्या जनगणनेचे आकडे पाहा. २००० साली मॉरिसव्हिलची वस्ती होती ५,२०८. २०२० साली ती २९,६३० झाली. म्हणजे वीस वर्षांत जवळजवळ सहापट! रिसर्च ट्रँगल पार्कच्या नोकऱ्यांनी आपल्याला इथे आणले. शाळा वाढल्या, डोशाची हॉटेले आली, क्रिकेटचे मैदानही झाले. हे सगळे डोळ्यांना दिसते. जे दिसत नाही ते जमिनीखालच्या नळांतून वाहते.

आपण वरण, उसळ, दही, अंडी, मासे जे काही खातो, त्यातल्या प्रथिनांत नत्र असते, म्हणजेच नायट्रोजन. शरीराला हवे तेवढे वापरून झाले, की उरलेले नत्र मुख्यतः लघवीतल्या युरियाच्या रूपाने बाहेर पडते. माणशी रोज साधारण बारा ग्रॅम धरा. तीस हजार वस्तीच्या गावाचे झाले दिवसाला साडेतीनशे किलोच्या वर. आपल्यापैकी ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांना दुसऱ्या हिशेबाने सांगतो. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात सुमारे एकवीस किलो नत्र असते. म्हणजे मॉरिसव्हिल गाव दररोज युरियाची सतरा पोती नळांत सोडते. ती जातात कुठे?

सोनखताचा काळ

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न पडला नव्हता, कारण त्याचे उत्तर त्यांच्या भाषेतच होते. मैल्यापासून केलेल्या खताला मराठीत 'सोनखत' म्हणतात. ज्या वस्तूचे नाव काढायला लोक लाजतात तिला सोन्याची उपमा देणारा शेतकरी काय समजून होता, हे त्या एका शब्दात आले. (ते काम ज्यांच्यावर लादले गेले त्यांच्या वाट्याला सोने आले नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे.) नत्र मातीतून पिकात, पिकातून माणसात आणि माणसातून पुन्हा मातीत, असे ते चक्र होते.

त्या मातीत नेमके काय घडते हे मात्र फार उशिरा कळले. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा जुन्या गोठ्यांच्या आणि वस्त्यांच्या मातीतून काढत. मूत्र आणि शेण मुरलेल्या जमिनीवर काही काळाने पांढरा थर येतो, हे लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले होते. सोरा म्हणजे नायट्रेटच. पण अमोनियाचे नायट्रेट कोण करते?

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या दोन शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून थेंबथेंब सांडपाणी सोडले. पहिले वीस दिवस काहीच झाले नाही. मग खाली येणाऱ्या पाण्यात अमोनियाऐवजी नायट्रेट दिसू लागले. नुसती रासायनिक क्रिया असती, तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि क्रिया थांबली. बागेतल्या मातीचे धुवण नळीत घातल्यावर ती पुन्हा सुरू झाली. क्लोरोफॉर्मने बेशुद्ध होणारे आणि मातीबरोबर परत येणारे काहीतरी जिवंत त्या वाळूत होते!

१८९० साली सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिचमध्ये ते जीव वेगळे करून दाखवले. त्यांच्यात दोन गट निघाले. एक अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. दोघांनाही प्राणवायू लागतो. त्यांना आयते अन्न लागत नाही. अमोनिया जाळून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर ते कार्बन डायऑक्साइडपासून आपले शरीर बांधतात. म्हणूनच ते फार सावकाश वाढतात. हा सावकाशपणा पुढे इंजिनिअर लोकांना फार भोवला, ते ओघाने येईलच.

याच सुमारास, १८८०च्या दशकात, बोर्डो येथे गेयाँ आणि द्युपेती यांनी उलट दिशेचे काम करणारे जीवाणू अभ्यासले. प्राणवायू संपला, की हे जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेऊन जगतात. मागे उरते ते शुद्ध नत्र. ते बुडबुडे होऊन हवेत जाते. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नत्र आहेच, त्यात ते मिसळून जाते आणि कोणालाही त्रास होत नाही.

म्हणजे एकोणिसावे शतक संपताना सांडपाण्यातले नत्र काढून टाकण्याचे दोन्ही टप्पे शास्त्राला माहीत होते. आधी हवा देऊन अमोनियाचे नायट्रेट करा, मग हवा बंद करून नायट्रेटचे वायूत रूपांतर करा. तरीही या ज्ञानाचा नदीला उपयोग व्हायला आणखी सत्तर-ऐंशी वर्षे जावी लागली.

मँचेस्टर ते बंगलोर

३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी एक निबंध वाचला. आज जगभरातील बहुतेक मोठी सांडपाणी केंद्रे त्याच निबंधाची नातवंडे-पतवंडे आहेत. त्यांनी सांडपाण्यात हवा सोडली. सगळ्या अमोनियाचे नायट्रेट व्हायला पहिल्या वेळी पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचे स्वच्छ पाणी ओतून दिले, पण तळाचा गाळ फेकला नाही. त्याच गाळावर नवे सांडपाणी घातले आणि पुन्हा हवा दिली. प्रत्येक फेरीला वेळ कमी होत गेला आणि अखेर पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. गृहिणींना हे सांगायला नको. कालचे विरजण राखून ठेवले, की आजचे दही लवकर लागते! या विरजणाला त्यांनी नाव दिले 'ॲक्टिव्हेटेड स्लज', म्हणजे सक्रिय गाळ.

या दोघांचे मार्गदर्शक होते गिल्बर्ट फाउलर. १९१२ साली ते अमेरिकेत येऊन मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्सचे प्रयोग पाहून गेले होते आणि तिथूनच ही कल्पना मँचेस्टरला गेली. हे फाउलरसाहेब १९१६ साली कुठे गेले असतील? बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, प्राध्यापक म्हणून! हिंदुस्थानात काम केल्यावर त्यांनी १९३४ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले त्याचा विषय होता नत्राचे जतन. सांडपाण्याच्या आधुनिक शुद्धीकरणाचा हा एक जनक नत्र फेकू नका, जपा, असे सांगत होता. त्याला सोनखताचे मोल कळले होते.

पण जगाची गाडी दुसऱ्या रुळावर गेली होती. १९०९ साली फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. नत्राचे खत कारखान्यातून मिळू लागल्यावर मैल्यातल्या नत्राची गरज कोणाला? चक्र तुटले. कारखान्यातून शेतात, शेतातून ताटात, ताटातून नळात आणि नळातून नदीत, अशी सरळ रेघ तयार झाली.

सांडपाणी केंद्रांचे धोरणही बदलले. एक किलो अमोनिया-नत्राचे नायट्रेट करायला साडेचार किलोहून अधिक प्राणवायू लागतो आणि हवा पंपाने ढकलायला वीज लागते. शिवाय नायट्रेट करणारे जीवाणू हळू वाढणारे. त्यांना टिकवायचे तर गाळ जास्त दिवस राखायचा, म्हणजे टाक्या मोठ्या बांधायच्या. मग पाण्यातली घाण खाऊन टाकणाऱ्या झटपट जीवाणूंवर भागवावे आणि अमोनिया जाऊ द्यावा खाली, असा सोयीचा हिशेब अनेक ठिकाणी झाला. अमेरिकेचा प्रसिद्ध स्वच्छ पाणी कायदा १९७२ साली आला. त्यानुसार देशभरासाठी ठरलेल्या किमान शुद्धीकरणाच्या मोजमापातही नत्र नव्हते.

खाली न्यू बर्नला काय घडले

आता आपल्या भागात येऊ. मॉरिसव्हिलचा बराचसा भाग क्रॅबट्री क्रीकच्या पाणलोटात येतो. ही क्रीक अमस्टेड पार्कमधून रॉलीत जाते आणि न्यूस नदीला मिळते. न्यूस पुढे गोल्ड्सबरो, किन्स्टन करत न्यू बर्नला पोचते आणि पॅम्लिको साउंड या विस्तीर्ण खाडीत उतरते. आउटर बँक्सला सुट्टीत जाणाऱ्या मंडळींनी ही खाडी पाहिली आहे. वाळूच्या त्या लांबलचक बेटांनी ती समुद्रापासून जवळजवळ बंद केली आहे, फटी थोड्याच आहेत. त्यामुळे वरून आलेले पाणी तिथे बराच काळ रेंगाळते.

अशा रेंगाळणाऱ्या पाण्यात नत्र आले, की काय होते? पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा, पंचगंगा यांच्यावर माजणारी जलपर्णी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते वेगळे सांगायला नको. फरक इतकाच, की इथे पाण्यावर पानाफुलांचा गालिचा दिसत नाही, सूक्ष्म शेवाळ वाढते. ते मरून तळाशी जाते आणि कुजताना प्राणवायू खाते. उन्हाळ्यात खाली खारे जड पाणी आणि वर गोडे हलके पाणी असे थर बसतात, त्यामुळे तळापर्यंत हवा पोचत नाही. मग एखाद्या दिवशी वारा फिरतो, तळाचे प्राणवायू नसलेले पाणी काठाकडे येते, आणि मासे गुदमरतात.

१९९५ सालच्या उन्हाळ्याअखेरीस आणि शरद ऋतूत न्यू बर्नच्या आसपास लाखो मासे मेले. त्यात मुख्यतः मेनहेडन होते. काहींच्या अंगावर जखमा होत्या. त्यामागे फिस्टेरिया नावाचा सूक्ष्मजीव आहे का, यावर पुढे अनेक वर्षे शास्त्रज्ञांत मोठा वाद चालला. पण पाण्यात नत्र जास्त झाले आहे, याबद्दल फारसा वाद नव्हता. १९८८ सालीच राज्याने न्यूसला पोषणद्रव्यांना संवेदनशील नदी म्हणून घोषित केले होते. १९९५ने ती गोष्ट कागदावरून किनाऱ्यावर आणली. न्यू बर्नचे रिक डव्ह हे सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी. निवृत्तीनंतर त्यांनी मुलाबरोबर मासेमारीचा व्यवसाय केला आणि पुढे ते नदीचे राखणदार म्हणजे 'न्यूस रिव्हरकीपर' झाले. अशा माणसांनी हा विषय वर्तमानपत्रांत आणि रॉलीच्या विधिमंडळात सतत जागता ठेवला.

विचार करा. मासे मेले न्यू बर्नला आणि नत्र येत होते कुठून? काही पूर्वेकडच्या डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या फार्मवरून, काही शेतांवरून, काही हवेतून, आणि काही रॉली, डरहॅम, कॅरी अशा वरच्या अंगाच्या वाढत्या शहरांतून. म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांच्या घरांतून. आपल्या सतरा पोत्यांचा भार दीडदोनशे मैलांवरच्या कोळ्याच्या जाळ्यावर पडत होता.

१९९७ सालच्या डिसेंबरात राज्याने न्यूसचे नियम मंजूर केले आणि १९९८ पासून ते लागू झाले. उद्दिष्ट होते १९९१ ते १९९५च्या सरासरीपेक्षा नत्र ३० टक्क्यांनी कमी करण्याचे. शेती, शहरांचे पावसाळी पाणी, सांडपाणी केंद्रे अशा सगळ्यांना वाटा उचलावा लागला. ज्यांच्या घरामागून ओढा जातो त्यांना माहीत असेल, की काठापासून ५० फुटांच्या पट्ट्यातली झाडे आपल्याला तोडता येत नाहीत. तो नियम याच संचातला. झाडांची मुळे आणि तिथली दमट माती ओढ्याकडे झिरपणारे नायट्रेट अडवतात, तेही त्याच बोर्डोच्या जीवाणूंच्या मदतीने!

हवा चालू, हवा बंद

सांडपाणी केंद्रांना आता जुने शास्त्र कामाला लावणे भाग होते. सुदैवाने इंजिनिअर मंडळींनी मधल्या काळात वाट शोधून ठेवली होती. अडचण अशी, की नायट्रेट काढणाऱ्या जीवाणूंना अन्न हवे असते. पण आधी हवा दिली, तर पाण्यातले अन्न तिथेच संपते. शेवटी नायट्रेट तयार असते, पण खाणाऱ्याच्या पानात काही नसते. मग बाहेरून मिथेनॉलसारखे अन्न विकत आणून घालावे लागते. १९६२ साली सिनसिनाटीच्या लुडझॅक आणि एटिंगर यांनी वेगळा विचार मांडला. हवा नसलेली टाकी आधी ठेवा, कच्चे सांडपाणी तिथे येऊ द्या, आणि पुढच्या टाकीत तयार झालेले नायट्रेट मागे आणा. १९७०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे जेम्स बर्नार्ड यांनी हे मागे आणणे पंपांनी नीट बांधून काढले आणि चार टाक्यांची पद्धत तयार केली. तिचे 'बार्डेन्फो' हे नाव त्यांच्याच आडनावापासून सुरू होते. पाण्याची टंचाई असलेल्या त्या देशाला शहराचे सांडपाणी धरणात परत घ्यावे लागत होते, म्हणून तिथे निकड आधी आली. २०११ साली बर्नार्ड यांना सिंगापूरचा ली क्वान यू जल पुरस्कार मिळाला.

डेन्मार्कमध्ये आणखी एक युक्ती निघाली. पाणी टाक्यांतून फिरवण्यापेक्षा जोडीच्या दोन लांब चरांत आळीपाळीने हवा चालू-बंद करायची. एका चरात अमोनियाचे नायट्रेट होत असताना दुसऱ्यात नायट्रेटचा वायू होत असतो, मग पाळी बदलते. आपल्या जवळच्या नॉर्थ कॅरी केंद्रात या प्रकारच्या आळीपाळीच्या चरांचा वापर झाला आहे. अशा चराच्या कठड्याला उभे राहिलात, तर तपकिरी पाणी संथ फिरताना दिसते आणि वास येतो तो पावसानंतरच्या मातीसारखा. पाहुण्यांना याचे फार आश्चर्य वाटते. मला वाटत नाही, कारण त्या चरात मातीतलेच जीव काम करत असतात.

कच्च्या सांडपाण्यात लिटरमागे साधारण ४० मिलिग्रॅम नत्र असते. न्यूस खोऱ्यात नव्या किंवा वाढीव मोठ्या केंद्रांसाठी हिशेब धरला गेला तो ३.५ मिलिग्रॅमचा. म्हणजे सतरा पोत्यांतली साडेपंधरा पोती हवेत सोडायची! थंडीत ही कसरत अवघड होते. पाणी गार झाले, की नायट्रेट करणारे जीवाणू सुस्तावतात, तेव्हा त्यांना टिकवण्यासाठी गाळ अधिक दिवस सांभाळावा लागतो. जानेवारीत आपण घरात हीटरजवळ बसतो तेव्हा केंद्रावरची माणसे गाळाचे वय मोजत असतात.

२००२ साली अनेक गावांनी मिळून एक संघ केला आणि सगळ्यांच्या नत्राची एकत्र मर्यादा स्वीकारली. ज्या केंद्राला कमी खर्चात जास्त नत्र काढता येते त्याने ते काढावे, इतरांनी त्याची भरपाई द्यावी. मोठी भिशीच म्हणा ना. या सदस्य केंद्रांचे नत्र १९९५च्या मानाने निम्म्याहूनही खाली आले.

पाणी ज्याचे त्याला

आपल्या गावाची कथा इथे संपत नाही, कारण आपण पाणी पितो ते न्यूसचे नाही. ते येते जॉर्डन लेकमधून, आणि तो आहे केप फिअर नदीच्या खोऱ्यात. २००६ साली मॉरिसव्हिलची पाणी आणि मलनिस्सारण व्यवस्था कॅरीत विलीन झाली, तेव्हापासून आपले बिल कॅरीकडून येते. एका खोऱ्यातून पाणी उचलायचे आणि वापरून दुसऱ्या खोऱ्यात सोडायचे, असा हा व्यवहार होता. कृष्णा आणि कोयनेच्या पाण्यावरचे वाद ज्यांनी लहानपणापासून ऐकले त्यांना पुढचे ओळखीचे वाटेल. केप फिअरच्या खालच्या अंगाला असलेले फेएटव्हिल शहर म्हणाले, आमचे पाणी आम्हाला परत करा.

२००१ साली राज्याने कॅरी, एपेक्स, मॉरिसव्हिल आणि रिसर्च ट्रँगल पार्कच्या दक्षिण भागासाठी जास्त पाणी उचलायला परवानगी दिली, पण अट घातली, की पुढे वापरलेले पाणी केप फिअर खोऱ्यात परत सोडले पाहिजे. त्यासाठी न्यू हिल या छोट्या वस्तीजवळ नवे केंद्र योजले गेले. जागेजवळच्या जुन्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने होती आणि त्यांनी विचारले, शहरे तुमची, मग तुमची घाण आमच्या दाराशी का? प्रश्न रास्त होता. त्यावर अनेक वर्षे भांडण चालले. शेवटी २०१४ साली वेस्टर्न वेक केंद्र सुरू झाले, दिवसाला १ कोटी ८० लाख गॅलन क्षमतेचे. नत्र काढून शुद्ध केलेले पाणी तिथून केप फिअर नदीत जाते. कॅरीने त्याआधीच, २००१ साली, शुद्ध केलेले पाणी वेगळ्या नळाने बागांसाठी घरोघर द्यायला सुरुवात केली होती. राज्यात हा पहिलाच प्रयोग होता. त्या जांभळ्या नळातून हिरवळीला पाण्याबरोबर थोडे नत्रही मिळते. फाउलरसाहेबांना तेवढेच समाधान!

जॉर्डन लेकही निर्दोष नाही. धरण भरले तेव्हापासूनच त्याला शेवाळाचा त्रास आहे, आणि वरच्या अंगाच्या शहरांवर नत्राची मर्यादा घालणारे २००९चे नियम विधिमंडळाने वारंवार पुढे ढकलले. त्याऐवजी २०१४ साली तलावात सौरऊर्जेवर पाणी ढवळणारी ३६ यंत्रे सोडली. २०१६ साली तो प्रयोग गुंडाळला, कारण पाण्यात काही फरक दिसला नाही. ताक घुसळले, की लोणी वर येते. तलाव ढवळून नत्र कुठे जाणार?

न्यूसही पुरती बरी झाली, असे म्हणता येत नाही. नायट्रेट कमी झाले, पण सेंद्रिय रूपातले नत्र वाढल्याचे शास्त्रज्ञांना आढळले. फार्म, शेते, हिरवळी यांचे नत्र एका नळातून येत नाही, त्याला टाकीत गाठता येत नाही. जे नळातून येते ते आवरले, एवढेच पदरी पडले. ते थोडे नाही.

तिकडे आणि इकडे

माझे शिक्षण नागपूरला झाले. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था तिथे १९५८ साली सुरू झाली आणि १९७४ पासून ती 'नीरी' या नावाने ओळखली जाते. म्हणजे ज्ञान आपल्या घरी होते. भारतात २०१५ साली सांडपाणी केंद्रांसाठी जो मसुदा निघाला त्यात नत्राची मर्यादा होती, लिटरला १० मिलिग्रॅम. २०१७ साली अंतिम नियम आले तेव्हा ती गळली होती. २०१९ साली हरित लवादाने पुन्हा कडक निकषांचा आदेश दिला. मुंबईत वरळी आणि वांद्रे इथून मैलापाणी तीन किलोमीटरहून लांब नळांनी समुद्रात सोडण्याची व्यवस्था झाली होती. त्या शहरासाठी सात नव्या केंद्रांची पायाभरणी २०२३ साली झाली. पुण्याचे शुद्ध केलेले पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून कालव्यात उचलून शेतीला देण्याची योजना आहे. ते चांगले शुद्ध झाले तर तिथल्या नत्राला पुन्हा शेताची वाट मिळेल, आणि सोनखताचे चक्र नव्या रूपात जोडले जाईल. इकडे आपण ते वीज जाळून हवेत सोडतो. कोणते शहाणपणाचे, हे ठरवणे वाटते तेवढे सोपे नाही.

हा सगळा इतिहास वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नत्र काढण्याचे शास्त्र १८९० पर्यंत उभे राहिले होते. इतकी वर्षे वाट पाहावी लागली ती शास्त्रासाठी नव्हे. न्यू बर्नच्या कोळ्याने, फेएटव्हिलच्या रहिवाशाने, न्यू हिलच्या आजीबाईंनी "आमच्याकडे काय येते ते पाहा" असे म्हणेपर्यंत वरच्या अंगाच्या माणसांनी मागे वळून पाहिले नाही. नदीला वरचा आणि खालचा काठ असतो. आपण स्थलांतर करून आलो ते वरच्या काठावर. खालच्यांची आठवण ठेवणे आपल्यावर आले.

ते कठीणही नाही. इथल्या फेस्क्यू हिरवळीला खत घालायचे ते सप्टेंबर, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत, तेही मोजून. उन्हाळ्यात घातलेले खत गवतापेक्षा ओढ्यालाच जास्त लागते. चकल्या-शंकरपाळ्यांचे तळलेले तेल सिंकमध्ये ओतू नये. ते नळात थिजते, नळ तुंबतो आणि मैलापाणी रस्त्यावरून थेट क्रॅबट्री क्रीकमध्ये जाते. जीवाणूंनी राबून काढायचे सगळे नत्र मग तसेच न्यू बर्नला पोचते. तेल गार करून बाटलीत भरावे, वेक काउंटीच्या संकलन केंद्रावर ते घेतात. आणि मुलांना एकदा सांडपाणी केंद्र दाखवून आणावे. पहिली पाच मिनिटे ती नाक धरतात, मग मार्गदर्शकाला इतके प्रश्न विचारतात, की त्याची दमछाक होते.